मी भंगार नाही, माझा कॅशे बंद होता

भंगार म्हणाल तर याद राखा! मी एक जुना सर्व्हर आहे आणि माझा पंखा अजून फिरतो आहे. राहात्याला खताच्या दुकानावर भीमराजदादांचं छोटं ऑफिस आहे, तिथल्या कोपऱ्यात माझं बिऱ्हाड. शिर्डीच्या हॉटेलांच्या वेबसाइट चालवायच्या, हे माझं काम. त्या ज्या तयार सांगाड्यावर उभ्या आहेत तो फ्रेमवर्क दादांनी स्वतः रचला, तोही माझ्याच पोटात.

मित्रांनो, मला आणलं तेव्हा दादांनी खालच्या दुकानापर्यंत पेढे वाटले होते. गुरुवारी शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते, जो तो मोबाईलवर खोली शोधतो. ती गर्दी मी हसत झेलायचो. कशाच्या जोरावर? सांगतो. प्रोग्रॅम लिहिलेला असतो माणसाला कळेल असा. मला तो आधी दळून घ्यावा लागतो. एकदा दळलं की पीठ डब्यात ठेवायचं आणि येईल त्याला त्यातून भाकरी थापून द्यायची. तो डबा म्हणजे ऑपकोड कॅशे.

मग वेबसाइट सांभाळायला योगेश आला. गडी कामाला वाघ, पण भारी उतावळा. 'आज खोल्या फुल्ल' ही पाटी तो थेट प्रोग्रॅमची फाईल उघडून तिच्यात लिहायचा, फळ्यावर खडूने लिहावी तशी. डब्यात आधीचंच पीठ, म्हणून पाटी दिसेना. डबा रिकामा करून पुन्हा भरायचा, एवढंच करायचं होतं. ह्या पठ्ठ्याने कॅशेच बंद करून टाकला! आता एक भाकरी मागितली की दळायला बसा, दुसरी मागितली की पुन्हा दळायला बसा. गुरुवारी माझा जीव मेटाकुटीला यायचा, वेबसाइट अडकायची आणि बोल मात्र मला. चोर सोडून संन्याशाला फाशी! फार लागलं मनाला.

शेवटी दादांनी नवं यंत्र आणलं. योगेशने माझ्या सगळ्या सेटिंग जशाच्या तशा त्यात उतरवल्या. मला दाराशी काढून ठेवलं आणि भंगारवाल्या बन्सीला गुरुवारी टेम्पो घेऊन यायला सांगितलं.

खर्ड्याला किल्ल्याची वेबसाइट काढणाऱ्या मंडळींना तेव्हाच दादांचा फ्रेमवर्क हवा होता. त्यासाठी सर्व्हरमध्ये काय काय लागतं, ते लिहून द्यायचं काम ऑफिसातल्याच वृषालीकडे आलं. तिची रीत अशी, की स्वतः करून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. रिकामं यंत्र म्हणून तिने माझ्यातलं जुनं सगळं पुसून मलाच जोडलं. प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय त्या पीएचपीची योग्य आवृत्ती, डेटाबेस, लागतील ती जोडसाधनं, सगळं पहिल्यापासून घातलं आणि कॅशे चालू केला. आहाहा! किती दिवसांनी डबा भरला! पानं पटापट उघडायला लागली, तेव्हा तिचा आधी विश्वासच बसेना. तिने पुन्हा तपासून पाहिलं.

गुरुवार उजाडला. बन्सीने मला उचलायला हात घातला आणि तिकडे नव्या यंत्राने मान टाकली. हॉटेलांचे फोनवर फोन सुरू झाले. योगेश म्हणाला, नवा मालच खराब निघाला.

वृषालीने नव्याच्या सेटिंग उघडून पाहिल्या आणि ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "बन्सीमामा, ह्याला हात लावू नका. दादा, वेबसाइट ह्याच्यावर घ्या."

"अगं, त्यो पार थकलाय," दादा म्हणाले.

"थकलेला न्हाई. आपणच ह्याचा कॅशे बंद ठेवला हुता. तीच सेटिंग नव्यात गेली."

दादांनी योगेशकडे पाहिलं. योगेशने लगेच नव्यातली सगळी माहिती माझ्यात उतरवायला घेतली. मग शिर्डीची गर्दी अंगावर आली. या म्हटलं, कितीही या! एक पान अडकू दिलं नाही. बन्सी चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला.

पुढे नव्याचाही कॅशे चालू झाला. बिचाऱ्याचा काय दोष? आता आम्ही दोघं शेजारी बसतो. योगेश ती पाटी डेटाबेसात लिहितो, प्रोग्रॅमला हात लावत नाही.

तेव्हा मित्रांनो, एखादी वस्तू धापा टाकू लागली तर तिचं वय नंतर काढा, आधी तुम्ही तिचं काय बंद करून ठेवलंय ते बघा. खर्ड्याला पाठवायच्या कागदात दादांना 'सर्व्हर नवा हवा' ही ओळ पाहिजे होती. वृषालीने ती खोडली आणि लिहिलं: 'सर्व्हर जुना असला तरी चालेल. कॅशे बंद असलेला चालणार नाही.'