सेक्रेटरींचा तुकडा

“बाबा, एक हंगाम पडीक राहिला की तुम्ही बागेतला तुकडा काढून घेता ना? मग आपला का नाही काढला?”

मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. बागेच्या कुंपणाला टेकून चष्मेवाली म्हणाली होती, “तुझ्या बाबांच्या तुकड्यात हत्ती लपेल. विचारून दाखव, हिंमत असेल तर.” आणि लेकीने खरंच विचारलं, तेही भर जेवणात. मागच्या वर्षापर्यंत तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे. हल्ली मात्र ती कोणालाही काहीही विचारत सुटली होती.

बाबांनी घास ताटात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “वेळ कुठे मिळतो गं?”

“दिव्याखाली अंधार,” आई म्हणाली. “बरं झालं विचारलंस. मी विचारून विचारून दमले.”

डेपोच्या मागची ती बागेची जागा एके काळी उकिरडा होती. बागेच्या मंडळातल्या लोकांनी तिथल्या काचा वेचल्या, टायर ओढून काढले, घरोघरचा ओला कचरा कुजवून माती केली आणि तुकडे पाडून वाटून घेतले. मग वांगी आली, घेवडा आला. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं न बोललेली माणसं तिथे एकमेकांना रोपं देऊ लागली. मंडळाचं नाव झालं, आणि नाव झालं तशी जागाही लोकांच्या डोळ्यांत भरली. उकिरडा होता तेव्हा ती कुणालाच नको होती. आधी रस्त्यासाठी पालिकेने तुकड्यांची खालची ओळ घेतली. मग नळ तोडला, तो मंडळाने भांडून परत आणला. आता पालिकेला गाड्या उभ्या करायला वरची अर्धी जागा हवी होती. मंडळाचे सेक्रेटरी बाबा, त्यामुळे दर वेळी कचेरीत खेटे घालायला तेच. कामावरून सुटायचं आणि तडक तिकडे. कुदळ धरायला उसंत कुठली?

करारात मंडळाच्या बाजूचं एकच कलम होतं. जमीन लागवडीखाली असेल तोवर ती मंडळाची. ती तशी आहे का, हे बघायला गुरुवारी पालिकेचे साहेब येणार होते.

टोमॅटोकाका मंडळातले सगळ्यांत जुने. त्यांनी सभेत बजावलं, “साहेब येणार म्हणजे घरी पाहुणा येणार. कुठे एक तण दिसलं तर गाठ माझ्याशी आहे.”

बागेतल्या लोकांची एक रीतच होती. दुसऱ्याच्या तुकड्याजवळ थांबायचं, मूठभर माती उचलायची, चुरगाळायची आणि मान डोलवायची. पीक काय, कुणालाही येतं. माती राखायला माणूस लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सगळे झपाटल्यासारखे कामाला लागले. हंगाम सरत आला होता. उरलासुरला घेवडा उपटला, वांग्याची झाडं काढली, खणून, ढेकळं फोडून दाताळं फिरवलं. तिनेही दोघी मैत्रिणींना धरून आणलं आणि तळहाताला फोड येईपर्यंत काम केलं. बुधवारी संध्याकाळी सगळी जमीन भांग पाडल्यासारखी दिसत होती. फक्त बाबांचा तुकडा राहिला. तिथे शिरायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं.

साहेब आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

“इथे काहीच लावलेलं दिसत नाही,” ते म्हणाले.

“साहेब, माती तर बघा,” काकांनी ओंजळ पुढे केली.

“मातीचं काय बघू? मोकळी जागा आहे ही.” मग ते बाबांच्या तुकड्यापाशी थबकले. भोपळ्याचा वेल कुंपणावर चढला होता. पडलेल्या बियांतून टोमॅटो उगवले होते. गवत कमरेपर्यंत. “हां, हा एक आहे लागवडीखाली. कुणाचा?”

कुणी कुणाकडे बघेना. शेवटी बाबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. मागे कुणीतरी हसू दाबायला खोकलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. “महिन्याने परत येतो,” तो म्हणाला. “तेव्हा पिकं दिसली तर ठीक. नाहीतर अर्धी जागा जाईल.”

तो गेल्यावर सगळे बाकांवर बसले. भांडायलाही कुणात जोर नव्हता. काकांनी गुडघे चोळले. “करायला गेलो काय आणि झालं काय. पुन्हा सगळं लावायचं म्हटलं तर हे गुडघे विचारतात, कशासाठी रे बाबा? सेक्रेटरी, तुमचा तुकडा तेवढा राहू दे आहे तसा. दाखवायला एक तरी हिरवा हवा.”

बाबांनी होकारार्थी मान हलवली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे तिला दिसलं, आणि ते दिसलं म्हणून तिला कसंतरीच झालं.

फाटकाबाहेर शिवणकाम करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. तुकडा मागणाऱ्यांत त्यांचा नंबर कधीचा पहिला होता. घरात त्यांच्या सगळ्या खिडक्या डब्यांतल्या रोपांनी भरलेल्या.

“मावशी, महिन्याभरात काय दिसेल हो?”

“मुळा दिसेल, पालक दिसेल. रोपं तर माझी टोपलीभर पडलीत. लावायला जागा नाही म्हणून वाटून टाकते, पोरी.”

ती त्यांच्या घरी गेली, रोपं बघून आली आणि अंधार पडायच्या आत घरी परतली. बाबा मोजे न काढताच खुर्चीत मिटल्या डोळ्यांनी बसले होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बाबा, जागे आहात ना? आई, तूही ऐक. आपला तुकडा मावशींचा झाला. नियमानं तो कधीच त्यांचा व्हायला हवा होता. मी त्यांना तसं सांगून आलेय.”

“आणि साहेब परत आले की त्यांना काय दाखवायचं?” बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

“गवत तर नाहीच. मावशी सगळ्यांना रोपं देणार आहेत, काकांना तर आधी. लावायला आम्ही तिघी आहोत. उद्या शाळेआधी मी गवत काढायला जातेय, आणि रविवारच्या सभेत उभी राहून हे सगळं मीच सांगणार आहे. तुम्ही त्या दिवशी घरी झोपा.”