आधी दांडा वर

खरं सांगू का मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. कारण सुरुवातीलाच कबूल करावं लागतं की एका भल्या माणसाचं मनगट माझ्यापायी मोडलं. पण आता सांगतोच.

मी एक जुना पितळी दांडा आहे. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या एकरोथांच्या दूधगाडीत, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला बसवलेला, बोटभर लांब. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते मी ठरवतो. इंजिन जोरात फिरत असलं की ठिणगी जरा आधी पडायला हवी, कारण पेट्रोल पेटायलाही वेळ लागतो. तेव्हा मला खाली ओढायचं. पण हँडल मारून गाडी सुरू करताना ठिणगी उशिरा हवी. तेव्हा मी वर. नाहीतर इंजिन उलटी लाथ मारतं.

१९१६ च्या मार्चमध्ये आल्बिन एकरोथ मला वर करायला विसरला. हँडल उलटं फिरलं आणि तो मनगट धरून बर्फात बसला.

गल्लीने हँडलला शिव्या दिल्या. आल्बिनने शिक्षा मला केली. दुधाच्या कॅनची तार घेतली आणि मला वरच्या टोकाला करकचून बांधलं. "आता हा वरच राहील," तो म्हणाला. "कायमचा."

गाडी आता त्याची मुलगी सिग्ने चालवायची. एकोणीस वर्षांची. बाप गळ्यात हात अडकवून शेजारी. गाडी सुरू व्हायची बिनधोक, पण ठिणगी सदा उशिरा. सपाटीवर धापा, चढावर उकळी. आणि डुलुथमध्ये चढ सोडून आहे काय? टेकडीवरच्या क्षयाच्या हॉस्पिटलात दूध न्यायचं होतं. सलग दोन दिवस पोचायला उशीर झाला. तिथला मुकादम म्हणाला, "उद्या आठच्या आत आलात तर ठीक. नाहीतर दूध एइनो आणेल."

एइनो म्हणजे घोडागाडीवाला. तिसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या चढावर वाफा सोडत रांगत होतो, तेव्हा तो निवांत बाजूने गेला.

"सिग्ने, दोर देऊ का? घोड्यांना सवय आहे."

"दोर ठेव, परत येताना तुलाच लागेल," सिग्ने म्हणाली. ती बापाकडे वळली. "बाबा, तार काढा."

"माझ्या मनगटाला विचार आधी."

"तुमचं मनगट मोडलं तेव्हा गाडी उभी होती. आत्ता ती चालतीये. सुरू करताना वर, चालताना खाली. दोन वेगळ्या वेळा आहेत, बाबा."

आल्बिनने घड्याळ पाहिलं. पावणेआठ. मग त्याने डाव्या हाताने पक्कड काढली. डावा हात, सवय नाही, तार दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तुटली.

सिग्नेने मला हळूच खाली ओढलं. इंजिनाने दम घेतला. अजून थोडं खाली. ठिणगी फार आधी पडल्याची खडखड ऐकू आली, तशी केसभर वर. आणि मित्रांनो, तिथे! त्या जागेवर गाडी अशी उचलली की मागचे कॅन वाजायला लागले. घोड्यांच्या बाजूने जाताना आल्बिननेच मान बाहेर काढली. "एइनो, दोर आहे ना रे?"

आठला चार मिनिटं कमी असताना आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. दुधाचं काम एकरोथांकडेच राहिलं.

पुढे थुरे न्यबर्ग नावाचा मेकॅनिक सिग्नेच्या शेजारी बसून खडूने माझ्याजवळ खुणा करायचा. इतक्या वेगाला दांडा इथे, इतक्याला तिथे.

"तुला कळतं कसं?" तो विचारायचा.

"ऐकू येतं. तुझ्या कानात ग्रीस आहे."

त्या खुणांवरून त्याने दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा बसवल्या. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी पडते. असं यंत्र दुसरीकडे निघालेलं होतं. पण आमच्यातलं सिग्नेच्या बोटांकडून शिकलेलं. सुरू करताना मला वर करणं मात्र आमच्या गाडीत राहिलंच. मग नव्या गाड्यांत इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालणारी चकती आली, ओझं किती आहे तेही ओळखणारी. त्यांत दांड्याची गरज संपली. मला वाईट वाटलं का? थोडं. पण आज चढावर दांड्याशिवाय पळणारी प्रत्येक गाडी माझंच काम करते. मी हरलो कुठे?

आता १९३८ आहे. जुनी गाडी शेडमध्ये असते, जूनमधल्या उन्हाळ्याच्या सणाला बाहेर निघते. सिग्ने आधी मला फडक्याने घासते. मित्रांनो, जुन्या वस्तूला भिऊन बांधून ठेवू नका. तिची वेळ कोणती ते विचारा, आणि तिला पुसत जा.

हँडल माझ्या शेजारच्या सीटवर पडून असतं. गल्ली अजून त्यालाच मनगटमोड्या म्हणते. यंदा सिग्नेची मुलगी त्याला पहिल्यांदा हातात घेणार, म्हणून ते घाबरलंय.

गड्या, घाबरू नकोस. मला स्वतःहून हलता येत नाही, पण चमकता येतं. शब्द देतो, तुझ्याआधी तिची नजर माझ्यावर पडेल.