बोट सुटली तेव्हा तीन-तीन

हर्षदनं मोबाईल आप्पांच्या नाकापुढे धरला आणि आप्पा खिशातून चष्मा काढेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"वाचा आप्पा. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा."

आप्पांनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब ढकलला.

"इंग्रजी हाय."

"आकडे तर कळतात? सांतोस दोन, पेन्यारोल तीन. एकोणीसशे बासष्ट. आणि तुम्ही आम्हाला लहानपणापासून काय सांगत आलात? तीन-तीन. म्हणे मी भिंतीवर बसून बघितली."

देवळाच्या पायऱ्यांवर बसलेली वाडी हसली. दुष्टपणानं नाही, सवयीनं हसली. आप्पांची ती ब्राझीलमधली फुटबॉलची मॅच म्हणजे वाडीचा जुना विनोद होता.

"पेलेनं चहा पाजलान असेल, त्याच्यात विसरले," बाळा म्हणाला.

"पेले नव्हता त्या दिवशी," आप्पा म्हणाले. "पायाला लागलं होतं त्याच्या."

यावर लोक आणखी हसले. हर्षद मात्र हसला नाही. त्यानं मोबाईल खिशात घातला आणि ज्यासाठी हा खेळ मांडला होता ते बोलून टाकलं.

"ज्या माणसाला एक मॅच धड आठवत नाही, त्याच्या तोंडाकडे बघून उद्या सर्कलसाहेबांनी पाखाडी खरी मानायची?"

मग पायऱ्यांवर कोणी हसलं नाही.

पाखाडी म्हणजे देवळापासून समुद्रापर्यंत उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये दोन माणसं जातील एवढी जागा. मासळी घेऊन बायका याच वाटेनं वर येत, नारळी पौर्णिमेचा नारळ याच वाटेनं खाली जाई. गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका माणसानं दोन्ही बाजूंच्या बागा घेतल्या आणि पाखाडीच्या तोंडावर लोखंडी फाटक लावलं. त्याला हॉटेल बांधायचं होतं. बागेसोबत समुद्रही आपल्याला विकला गेला असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटून घ्यायला हरकत नाही हे त्याला सांगणारी माणसं वाडीतच होती. हर्षद त्यातला. त्याच्या आजीनं याच पायऱ्यांवरून आयुष्यभर टोपल्या वाहिल्या होत्या. आता तो म्हणत होता की इथं वाट नव्हतीच, गडी माणसं मधूनमधून उतरायची इतकंच.

उद्या महसूल खात्याचे सर्कलसाहेब जागा बघायला येणार होते. नकाशात वाट नव्हती. जुन्या माणसांचे जबाब तेवढे होते, आणि जुनं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, आप्पा.

दमयंती सासऱ्यांच्या मागे उभी होती. तिनं त्यांच्या कोपराला हात लावला.

"चला आप्पा. पेज निवली असेल."

घरी आल्यावर आप्पा पडवीत बसले. ताटलीतली पेज त्यांनी चमच्यानं नुसती ढवळली. दमयंती समोर बसून कोकमं सोलत होती. या घरात ती बावीस वर्षांपूर्वी आली आणि ती मॅच तिनं इतक्या वेळा ऐकली होती की ती ऐकू येणंच बंद झालं होतं. आज पहिल्यांदा तिला विचारावंसं वाटलं.

"आप्पा, तुम्ही तिथं पोचलात कसे?"

आप्पांनी मान वर केली. चेष्टा आहे की काय, ते तिच्या तोंडावर शोधत राहिले.

"बोट कॉफी भरायला लागली होती. सांतोस हे बंदर गो. धक्क्यावरचे हमाल सगळे निघाले, मलापण ओढून नेलानी. मी नवा खलाशी, मिशीपण नव्हती."

"आणि मग?"

"मग काय. त्यांच्या मुलखातल्या सगळ्या देशांच्या चॅम्पियन टीमांची स्पर्धा, तेव्हा नवीनच निघालेली. पहिली मॅच सांतोसवाले पेन्यारोलच्या गावात जाऊन जिंकून आलेले. ही बरोबरीत सुटली तरी कप त्यांचा. आणि हे तीन-दोननं मागे. कोणीतरी काहीतरी फेकलान, ते रेफरीला लागलं. तो आडवा. खेळ बंद. तासावर तास. लोक बसून गातायत. मला वाटलं, आता काय होत नाय. तर परत सुरू झाली. आणि सांतोसनं गोल मारलान."

आप्पांनी चमचा खाली ठेवला.

"एक म्हातारा हमाल मला मिठी मारून रडला. माझ्या बाजूला होता म्हणून, दुसरं काय. कप जिंकला म्हणून अख्खं गाव रस्त्यावर. पहाटे बोट सुटली तेव्हापण धक्क्यावर नाचत होते. हे मी खोटं कशाला सांगू?"

"मग नंतर पेपरात नाही बघितलंत?"

"कुठल्या पेपरात? आम्ही पाण्यात."

दमयंतीचा हात थांबला. तिला सासूबाई आठवल्या. त्या गेल्या तेव्हा आप्पा अशाच एका बोटीवर होते, आणि पुढचं बंदर येईपर्यंत त्यांच्यासाठी बायको जिवंतच होती. ही गोष्ट आप्पांनी एकदाच सांगितली होती. तिचा स्वतःचा नवरा संदेश आताही बोटीवरच होता. आता फोन असतात, तरी मध्येच काही दिवस तो नसल्यासारखाच असतो.

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाईल घेऊन गडग्यावर जाऊन बसली. तिथंच काय ती रेंज यायची.

फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिनं हर्षदनं दाखवलं होतं ते पान काढलं. तीन-दोन. आप्पा चुकलेले. पण आप्पांची दुसरी गोष्ट, रेफरी आडवा झाल्याची, ती खरी की खोटी? तिनं तेच लिहून शोधलं. पोर्तुगीज भाषेतलं काहीतरी आलं, मोबाईलनं त्याचं वेडंवाकडं मराठी करून दिलं. ती एकेक ओळ दोनदा वाचत गेली. खालून समुद्राचा आवाज येत होता, फाटकाच्या पलीकडचा.

रेफरीला लागलं होतं, हे खरं होतं. खेळ तासाहून जास्त बंद पडला, हेही खरं. पुन्हा सुरू झाला, सांतोसनं गोल केला, लोक कप जिंकल्याच्या आनंदात घरी गेले, सगळं आप्पा म्हणतात तसंच. मग तीन-दोन कुठून आलं? ती आणखी खाली गेली, आणि एका ओळीवर थांबली. मग ती ओळ तिसऱ्यांदा वाचली.

आत आली तेव्हा आप्पा तसेच बसले होते.

"आप्पा, तुम्ही खोटं बोलत नाही."

"ते मला म्हायत हाय."

"पण ती मॅच तीन-दोनच आहे." ती त्यांच्यासमोर पाटावर बसली. "खेळ बंद पडला ना, तेव्हाच रेफरीनं मॅच मनात संपवून टाकली होती. तीन-दोनवर. पण लोक एवढे खवळलेले, तसं सांगितलं असतं तर बाहेर पडता आलं नसतं. म्हणून उरलेली खेळू दिली. शिट्ट्या मारल्या, गोल दिला, सगळं केलं. आणि नंतर रिपोर्टात लिहिलं की मॅच आधीच संपली होती. तो शेवटचा गोल कुठं धरलेलाच नाही."

आप्पांनी ताटली बाजूला सारली.

"म्हणजे तो म्हातारा रडला, ते..."

"तिसरी मॅच झाली, आप्पा. तिसऱ्याच देशात. त्यात सांतोस तीन-शून्यनं जिंकलं. कप मिळाला त्यांना."

"मिळाला?"

"मिळाला."

आप्पांनी ताटली जवळ ओढली आणि थंड झालेली पेज खायला सुरुवात केली. अर्धी संपवून म्हणाले,

"आणि त्या रेफरीच्या तोंडावर काय दिसलं नाय गो. मी अगदी जवळ होतो."

दुसऱ्या दिवशी सर्कलसाहेब दहाच्या सुमाराला जीपनं आले. सोबत ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर फाईल. साहेब थकलेले, नम्र, पोट सुटलेले. फाटकापाशी सगळी वाडी जमलेली बघून त्यांनी आधी जीप कुठं वळवता येईल ते बघून घेतलं. मग हसले.

हर्षद पुढे आलाच. "साहेब, आप्पांना विचारा, सांतोसच्या मॅचचा स्कोअर काय."

"कसली मॅच?"

"तीन-दोन," आप्पा म्हणाले. "मी बघितली तीन-तीन. पण लिहिली गेली तीन-दोन. आता पुढचं विचार."

बाळानं मागून शीळ घातली.

आप्पांनी साहेबांना पाखाडी दाखवली. साहेब येणार म्हणून आज फाटकाला कुलूप नव्हतं; कडी काढून ते स्वतः पुढे उतरले, काठी टेकत. इथं पायरी झिजली आहे ती टोपल्या टेकवून. इथं गडग्यात कोनाडा आहे तो दिव्याचा, नारळी पौर्णिमेला लावत. त्यांच्या आईनं त्यांना या वाटेनं कडेवर आणलं होतं. साहेब प्रत्येक ठिकाणी थांबले. प्रत्येक ठिकाणी मान हलवली.

"होय, होय. वाट दिसतेच आहे. यात काय शंका?"

वाडी खूश झाली. एका बाईनं डोळे पुसले. बाळानं माडावरनं शहाळी उतरवली, साहेबांना पहिलं दिलं. ते म्हणाले, तुमचं म्हणणं रास्त आहे, वाट लोकांचीच, मी बघतो. दोघातिघांनी त्यांचे हात हातात घेतले. यंदाचा नारळ इथूनच, असं कोणीतरी ओरडलं.

दमयंती सगळ्यांत मागच्या पायरीवर उभी होती. ती हर्षदला बघत होती. त्याला राग यायला हवा होता. तो गडग्याला टेकून शेंगदाणे खात होता, एकेक, सालं फुंकून.

मग तिनं साहेबांकडे बघितलं. खालून वर येईपर्यंत त्यांनी किती वेळा होय म्हटलं असेल. पण शर्टाच्या खिशातल्या पेनाला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. फाईल अजून ड्रायव्हरच्या शेजारीच होती. आणि प्रत्येक होयनंतर त्यांची नजर एकदा जीपवर जाऊन येत होती, माणसं किती आणि जीप किती लांब.

ती गर्दीतून पुढे गेली, आप्पांच्या कानाशी वाकली.

"आप्पा, साहेब नुसते खेळू देतायत."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी साहेबांकडे बघितलं, नीट, चष्मा लावून, शहाळ्याचं शेवटचं पाणी पीत असलेल्या तोंडाकडे. मग ते वळले आणि देवळाच्या बाजूला गेले. परत आले ते प्लास्टिकची खुर्ची ओढत. जीपच्या पुढ्यात, रस्त्याच्या मधोमध त्यांनी ती टेकवली आणि बसले. काठी मांडीवर आडवी.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"आजोबा, असं काय करता? मी म्हटलं ना, वाट आहे."

"म्हटलात. ऐकलं सगळ्यांनी." आप्पांचा आवाज चढलेला नव्हता. "आता लिहा, आणि हितंच वाचून दाखवा. मग जावा."

"ऑफिसला जाऊन करतो. पद्धत असते त्याची."

"पंचनामा जागेवर होतो, साहेब," दमयंती म्हणाली. "पंच आहोत की आम्ही एवढे. सह्या करतो."

"सावकाश लिहा," आप्पा म्हणाले. "मागच्या खेपेला माझी बोट सुटत होती, म्हणून मी निघून गेलो. आज मला कुठं जायचं नाय."

त्यांचं बोलणं वाडीतल्या कोणालाच कळलं नाही. पण खुर्ची कळली. बाळा जाऊन खुर्चीच्या शेजारी जमिनीवर बसला. मग ती मघाची बाई, पदर सावरून. मग एकेक करत बाकीचे. कोणी ओरडलं नाही. खाली भरतीचं पाणी पाखाडीच्या शेवटच्या पायरीला लागल्याचा आवाज येत होता.

हर्षदच्या मुठीत शेंगदाणे होते, तो ते खात नव्हता.

साहेबांनी रिकामं शहाळं खाली ठेवलं. बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली, परत फिरवली. मग ड्रायव्हरकडे न बघता हात मागे केला, आणि फाईल त्या हातात आली. त्यांनी ती जीपच्या बॉनेटवर उघडली.

"काय लिहू?" ते म्हणाले, आणि यावेळी ते हसले नाहीत.

"जे मघाशी बोललात ते," आप्पा म्हणाले.

सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. दमयंती एकटी पेनाकडे बघत होती. टोपण अजून निघालं नव्हतं.