खोडलेला भुंगेरा

ताईला दिसेनासं झालं होतं आणि गेले चार महिने ती हे सख्ख्या बहिणीपासून लपवत होती. अगदीच आंधळी नव्हती झाली. कडेकडेचं दिसायचं: दाराची चौकट, रस्त्याची कड, समोरच्या माणसाचे कान. पण नजर जिथे रोखावी तिथे नेमका करडा डाग. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं जवळजवळ गेलंय, कडाही हळूहळू जातील, औषधाने फार तर थोडा वेळ मिळेल. ताईने त्यांचे आभार मानले, कागद घडी करून पिशवीत टाकला आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. एकसष्ट वर्षांची बाई, पण आवरेचना तिला. रडताना डोळ्यांसमोर होता तो येणारा रविवार.

दर रविवारी सकाळी दोघी बहिणी वस्तीमागच्या टेकाडावर जायच्या. एखादं रोप हेरायचं आणि त्याच्यापुढे अर्धा तास बसायचं. ताई चित्र काढायची, धाकटी लिहायची, मग वह्यांची अदलाबदल. चाळीस वर्षांचा शिरस्ता होता हा. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. तिने बोलणंच टाकलं होतं. ताईने तिला इथे आणलं आणि हातात पेन्सिल दिली. "नको बोलूस. दिसतं ते लिही." महिन्याभरात पोरगी लिहू लागली, लिहिता लिहिता पुटपुटू लागली आणि एकदा तोंड उघडलं ते पुन्हा मिटायचं नावच नाही. आजही पुटपुटल्याशिवाय तिच्याकडून एक ओळ लिहून होत नसे. ताई तिला पुटपुटीच म्हणायची.

नियम एकच आणि तो ताईचा: दिसेल तेवढंच कागदावर. लहानपणी एकदा पुटपुटीने फांदीवर नसलेला निळा पक्षी लिहून टाकला. "होता गं, उडाला," ती म्हणाली. ताईने ते पान टरकन फाडलं. एवढ्याशा पोरीपुढे एवढं जहाल व्हायची काही गरज नव्हती, पण ताई तशीच होती.

आणि आता हीच ताई बहिणीच्या पुटपुटण्यावर चित्रं काढत होती. कान शाबूत होते ना! "पाच पानं, टोकाचं करपलेलं," असं ऐकू आलं की ती पाच पानं काढायची आणि टोकाचं करपवायची. हाताला जन्माची सवय होती. जाड पेन्सिल घेतली, रेघ ठळक झाली. "ताई, हात काय मोकळा झालाय गं तुझा!" पुटपुटी कौतुकाने म्हणाली, तेव्हा ताईने पाण्याची बाटली शोधायचं सोंग केलं.

सांगणार कुणाला? धाकटीचा नवरा आधीच मागे लागला होता, पुरे झालं आता ते दगडधोंडे चढणं. त्याला आयतंच निमित्त मिळालं असतं. मग टेकाड बंद, वही बंद आणि बसा गॅलरीतल्या खुर्चीत दिवस ढकलत. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईकडे रविवार सोडून उरलं होतंच काय?

त्या रविवारी त्यांनी दगडाच्या फटीतलं एक खुरटं रोप निवडलं. ताई कान देऊन बसली.

"देठ वाकडा... चार पानं... खालच्या पानावर भुंगेरा. हिरवा, चकचकीत," पुटपुटी पुटपुटली. ताईने भुंगेरा काढला. पाठ फुगीर, पाय सहा. बाजूला पेन थोडं नुसतंच खरखरलं, पुटपुटण्याशिवाय.

वह्या बदलल्या. पुटपुटी छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणं हेच तिचं काम.

"ताई, हा भुंगेरा कुठला?"

"खालच्या पानावर होता तो."

"तुला दिसला?"

"न दिसायला काय झालं? होता. उडाला."

बोलून गेली आणि मग ताईच्या लक्षात आलं, हे शब्द त्या निळ्या पक्ष्याचे.

"नव्हता गं," पुटपुटी हळूच म्हणाली. "तो गेल्या रविवारचा. डोक्यात घोळत होता, लिहिला गेला. मग तुझा नियम आठवला आणि खोडला मी."

ताईला तेव्हा उमगलं. बहीण लिहिताना पुटपुटते, खोडताना नाही. चार महिने ती नुसत्या नशिबावर तरली होती.

"माझी बोटं किती, सांग."

"पोरखेळ पुरे."

"किती, ताई?"

"नाही दिसत!" ताई ओरडली. "रोप नाही दिसत, बोटं नाही दिसत, तुझं तोंडसुद्धा नाही दिसत मला! फाड ते पान. माझाच नियम आहे, फाड! आणि ने, बसव मला खुर्चीत. सांग तुझ्या नवऱ्याला, जिंकलात म्हणावं." तिने पेन्सिल भिरकावली आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

"चार महिने!" पुटपुटीचा आवाज चिरकला. "या दगडांवरून अशी उतरत होतीस तू? मी काय मेले होते?" तीही रडू लागली. कुणी कुणाचे डोळे पुसले नाहीत.

पान फाटल्याचा आवाज मात्र आला नाही. बऱ्याच वेळाने पुटपुटी सरकून अगदी खांद्याला खांदा लावून बसली. तिने ताईची वही ताईच्या मांडीवर ठेवली, कोरं पान उघडून. मग स्वतःचं पेन उघडलं.

"देठ वाकडा. चार पानं. खालच्या पानाला भोक, गोल." पेन थांबलं. मग खरखरलं. "गोल खोडलं," ती मोठ्याने म्हणाली. "लांबट आहे."

ताईने डोकं वर केलं. हात गवतात पेन्सिल चाचपू लागला. ती सापडेना.

"डावीकडे. गुडघ्याजवळ," पुटपुटी म्हणाली, पण तिने उचलून दिली नाही. ती थांबून राहिली.

ताईला पेन्सिल सापडली. चार महिने जो प्रश्न तिला विचारता येत नव्हता, तो तिने आता विचारला.

"लांबट म्हणजे केवढं?"