दारातले दोघे

पास्टर आर्लन स्कोग्मो राज्याच्या विधानसभेला उभे राहिले आणि त्यांना घरोघर फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आर्डिस, आमच्या लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, वय एकाहत्तर. निवडणुकीला नऊ दिवस उरले होते आणि या माणसाला अजून मत मागता येत नव्हतं. बेल वाजवायचे आणि दार उघडायच्या आत दोन पावलं मागे सरायचे. गाडीत बसले की गुडघा हलवत राहायचे. मी अगदी वैतागले होते.

मग उभे तरी कशाला राहिलात, असं मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचा, पाद्री म्हणून अकरा वर्षांत चार दारं वाजवली, चारही वेळा पोरगा गेल्याचं सांगायला. आता दुसऱ्या कशासाठी तरी दार वाजवायचंय.

त्या शनिवारी एका दफनविधीवरून थेट प्रचाराला निघालो. ते कपडे बदलू म्हणत होते. उजेड आहे तोवर ही गल्ली उरकू, हा हट्ट माझा.

कार्ला ट्वाइट घरातच होती, कारण आत रेडिओ चालू होता. तिचा पोरगा जोएल गार्डबरोबर कुवेतला आहे. बेल वाजवली तसा पडदा हलला, रेडिओ बंद झाला, पण दार उघडेना. पास्टर म्हणाले, चला परत. माझं डोकं फिरलं. गेल्याच आठवड्यात ही बाई पत्रकं वाटायला येते म्हणाली होती. मी दारावर थापा मारल्या.

आतून, अगदी दाराला चिकटून आवाज आला. "मी उघडणार नाही, आर्डिस. उघडलंच नाही तर त्यांना सांगता येणार नाही."

तेव्हा कुठे मी आमच्याकडे पाहिलं. दोघांचेही काळे कोट, पास्टरच्या गळ्यात पाद्र्याची पांढरी कॉलर. तसली बातमी घेऊन गार्डची माणसं कायम जोडीनेच येतात, एक अधिकारी आणि एक पाद्री. आमच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पास्टरनी दाराला कपाळ टेकलं. "कार्ला, जोएलची काही बातमी नाही. मी मत मागायला आलोय. फक्त मत."

दार उघडलं. पिठाने माखलेल्या मुठींनी तिने त्यांच्या छातीवर गुद्दे मारले, आणि मग त्याच छातीवर डोकं ठेवून रडली. बऱ्याच वेळाने नाक पुसत म्हणाली, "मत देते. गल्लीतली सगळी मतं मिळवून देते. तुम्ही एकदाचे बिस्मार्कला विधानसभेत जा, पास्टर. म्हणजे पुन्हा माझ्या दारात यायला नको."

त्यांनी तिचे आभार मानले. गाडीत कोटावरचं पीठही झटकलं नाही. गुडघा मात्र थांबला होता, आणि तो हलत असलेलाच बरा होता असं मला वाटलं.

पुढच्या घरी ते रस्त्यावरच थांबले. कॉलर काढून खिशात घातली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाले, "कुणाला काही झालेलं नाही. मत मागायला आलोय."