मामाच्या नावचा खडा

माऊलीला दात आले ते वरचे आले. विंझरात ही बातमी त्याच्या जन्माच्या बातमीपेक्षा लवकर फिरली. वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माऊलीचा मामा म्हणजे त्याच्या आईचा, सुलक्षणाचा, धाकटा भाऊ मानसिंग. नसरापुरात टेम्पो चालवायचा. अंगानं दरवाजाएवढा, गळ्यात जाड साखळी, पण तांदळाएवढ्या दोन दातांना असा भ्याला की बहिणीच्या घरी सरळ यायचंच त्यानं सोडलं. यायचा, पण उलटा. टेम्पो रिव्हर्समध्ये दारापर्यंत घ्यायचा आणि भाच्याला आरशात बघायचा. आरशातलं बघणं धरत नाहीत, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. माऊली बोलायला लागला तेव्हा मामा हा आरशात राहणारा माणूस आहे, अशी त्याची पक्की समजूत होती.

सुलक्षणाच्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, यावर उपाय काढला. "दिवेलागणीला मामाच्या नावचा खडीसाखरेचा खडा फडक्यात बांधून पोराच्या तोंडात द्यायचा आन् तसंच निजवायचं. दात गोड झाला की मामावर उठत न्हाई."

"किती दिस द्यायचा, आत्या?"

"भाऊ पायजे तवर."

आईबाप गेल्यावर सुलक्षणाला माहेर म्हणून हा एवढाच उरला होता. तिनं एकही दिवस चुकवला नाही. खडीसाखर मानसिंगच पुरवायचा. आरशात अंदाज घेत खिडकीतून पुडा मागं करायचा आणि म्हणायचा, "मोठा खडा दे गं अक्का, चिंगूसपणा करू नगं."

उपाय लागू पडला. तीन वर्षांत मानसिंगला साधं पडसं झालं नाही. माऊलीचे दात मात्र आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग लवंगेसारखे काळे. त्याचा बाप इंद्रजित म्हणाला, "दुधाचंच हायत, पडणारच की." साळूबाई म्हणाल्या, "मामाची पिडा दातांनी घेतली, म्हणून काळं झालं." सगळ्यांना समाधान वाटलं. माऊलीला कुणी विचारलं नाही. तो भाकरी गालाच्या कोपऱ्यात धरून मऊ करायचा आणि न चावता गिळायचा.

एका सकाळी त्याचा गाल डोळ्यापर्यंत सुजला, अंग तव्यासारखं तापलं. इंद्रजित शिरवळला कंपनीत पाळीवर गेलेला. सुलक्षणानं भावाला फोन केला. तो आला, पण अटीवर. केबिनमध्ये तिघांना पुरेल एवढी जागा होती, पण तिथं मामा होता. म्हणून ती तापलेलं पोर मांडीवर घेऊन भोरपर्यंत मागं टोमॅटोच्या क्रेटांत बसली.

दाताच्या डॉक्टर अफसानांनी माऊलीचं तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, "झोपताना तोंडात काही देता का?"

सुलक्षणानं सगळं सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं.

"आणि नंतर दात पुसून घेत नाही?"

"पुसलं तर खडा वाया जातोय न्हवं."

डॉक्टरांनी माऊलीचा वरचा ओठ उचलून काळे दात तिला दाखवले. सुलक्षणाला आपली तीन वर्षं डोळ्यांसमोर दिसायला लागली, रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं बांधलेली.

"पुढच्या दोन दातांत पू झालाय, ते काढावे लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "बाजूचे दोन वाचतील, पण चार-पाच खेपा घालाव्या लागतील. दुधाचे म्हणून सोडू नका. याला अजून काही वर्षं त्याच दातांनी जेवायचंय."

दारात पाठ करून उभा असलेला मानसिंग तसाच म्हणाला, "म्याडम, खेपा कशाला? वरचं समदंच काढा. ब्याद जाऊ द्या."

"पेशंट कोण आहे इथं?"

"पेशंट त्यो हाय. पर जीव माजा हाय."

सुलक्षणानं त्या पाठीकडं बघितलं. पाठ चांगली पोसलेली होती.

"मानसिंग, हिकडं तोंड कर. पोराला सुई टोचायचीया, हात धराय ये."

"अक्का, तेवढं सोडून काय बी सांग."

"तेवढंच सांगतीया."

"समदं काढणार आसशील तर थांबतो. न्हाईतर माजी टोमॅटो सडत्यात."

माऊली खुर्चीतून मान वळवून मामाकडं बघत होता. आरशाबाहेर मामाला पायही असतात, हे त्याला आजच कळलं होतं.

"दोनच काढा," सुलक्षणा डॉक्टरांना म्हणाली. "ऱ्हायलेलं वाचवा. म्या आणीन तेला."

बाहेर टेम्पो सुरू झाला. माऊलीचे हात तिनं एकटीनं धरले. तो ओरडला तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत.

भोरहून नसरापूर, नसरापूरहून विंझर, अशा दोन एसट्या बदलून ती घरी पोचली. पोर खांद्यावर झोपलेलं, ओठाच्या कडेला रक्त सुकलेलं. साळूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी नातवाचं तोंड बघितलं, रस्त्यावर लांबवर नजर टाकली आणि विचारलं, "मानसिंग बरा हाय न्हवं?"

"बरा हाय," सुलक्षणा म्हणाली. "त्येला काय धाड भरलीया."