पिवळी होती म्हणे

शैले, तू आधी नुसतं ऐक, मधे बोलायचं नाही! मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतली कनका माहितेय ना, जिचे अप्पा काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेले असतात? लेकीनं पिऊ नका म्हटलं तरी प्यायले आणि डोळे घालवून बसले, असं अख्खी गल्ली म्हणते, ते? तसं झालेलंच नाही गं.

झालं असं. कनकाचे अप्पा सेतुमाधव, रेल्वेच्या ऑफिसात कारकून, अगदी गरीब स्वभावाचा माणूस. फक्त शनिवारी संध्याकाळी एक पेला. दारूबंदी असली तरी मिळवणारे मिळवतातच. कनकाची आई गोदाबाई त्या वेळेला मुद्दाम देवळात जायच्या, म्हणजे बघायला नको.

त्या शनिवारी अप्पांनी बाटली आणली, पण उघडेचनात. बंदराकडे कुणी दोघं भेसळीची पिऊन गेले, असं कानावर आलं होतं. त्यांनी कनकाला हाक मारली, "कण्णे, इकडे ये." कण्णे म्हणजे तमिळमध्ये डोळा, लाडानं म्हणतात तसं. "तू केमिस्ट्री शिकतेस ना? मग सांग, हे चांगलं की वाईट?"

आता तिला काय वाटलं असेल बघ! आईचा कॉलेजला केवढा विरोध. "स्पिरिटचा दिवा पेटवून कुणाचा संसार झालाय? आधी स्टो पेटवायला शीक," हे रोजचं. अप्पांनी एकट्यानं हट्ट करून तिचं नाव घातलेलं. आणि तेच अप्पा आज तिला विचारतायत, पहिल्यांदा! ती धावत सुटली. खिडक्या लावल्या, कारण उजेडात ती ज्योत दिसत नाही. पितळेच्या झाकणीत चमचाभर ओतलं, काडी लावली.

भप्पकन निळी!

"बघा अप्पा," ती एका दमात सुरू झाली, "रॉकेल पिवळं जळतं ना, काजळी धरतं ना? त्यातला कार्बन पुरता जळत नाही, त्याचे कण तापून पिवळे चमकतात. हे बघा, सगळं जळतंय! होतंय काय, तर नुसती वाफ आणि वायू. आमच्या लॅबच्या स्पिरिटला टोकाशी तरी पिवळं असतं, याला तेही नाही!"

"म्हणजे शुद्ध?"

"एकदम शुद्ध!"

अप्पा वाकून बघतच राहिले. "कृष्णाचा रंग आहे गं," म्हणाले आणि पेला भरला.

रविवारी दुपारी जेवायला बसले आणि म्हणतात, "गोदा, आज मद्रासात धुकं कसं पडलंय?"

गोदाबाई हसल्या. "अय्यो, ऑगस्टात धुकं! रसमची वाफ असेल ती."

अप्पाही हसले. मग त्यांचा हात ताटाबाहेर गेला. जमिनीवर भात चाचपत होते गं ते.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, बाटलीत मेथिल स्पिरिट होतं, जीव वाचेल, नजर नाही. गोदाबाईंनी कनकाला धरून गदागदा हलवलं. "घरात एवढी शिकलेली बसली होतीस, तुला कळलं नाही?"

कनकानं तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून अप्पाच बोलले. "तिला कशाला बोलतेस? पेटवून दाखवलं होतं तिनं. पिवळी जळाली. पिऊ नका म्हणाली. मीच ऐकलं नाही."

गोदाबाईंनी लेकीला असं घट्ट पोटाशी धरलं, की जन्मात कधी धरलं नव्हतं. कनका गप्प राहिली. तेव्हा गप्प राहिली आणि मग बोलायचं राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी वर्गात बाईंनी दोन बश्या पेटवल्या. साध्या अल्कोहोलात कार्बन दोन, मेथिलमध्ये एकच. म्हणून मेथिलची ज्योत जास्त निळी, जास्त स्वच्छ. आणि पोटात गेलं तर तेच विष.

कनका घरी आली तेव्हा आतून आईचा आवाज येत होता. शेजारणीला सांगत होत्या, "बीएस्सी करू दे तिला! तिचं ऐकलं असतं तर आज यांचे डोळे असते."

अप्पा ओट्यावर. "कण्णे, आलीस? आज काय शिकवलं?"

ती त्यांच्या पायाशी बसली. "अप्पा, ती निळी होती, म्हणूनच तर..."

अप्पांचा हात चाचपत आला, कपाळावरून, नाकावरून, आणि तिच्या तोंडावर थांबला. "पिवळी होती," ते हळूच म्हणाले. "शेवटचं नीट बघितलं ते मी तेच, आणि तू मला सांगतेस?"

तेवढ्यात कॉफीचा पेला घेऊन गोदाबाई दारात. "काय कुजबुज चाललीय बापलेकीची? मला पण सांगा की!"

अप्पांचा हात अजून तिच्या तोंडावरच. त्यांच्या हातावर तिच्या डोळ्यातलं पाणी ओघळतंय, आणि आई हसत वाट बघतेय.

सांग शैले, तू काय केलं असतंस?